मी पाहिलेला सूर्योदय

सातवीच्या वर्गाला निबंध द्यायचा म्हटलं की विषय ठरलेले असतात. माझी आई, माझा आवडता सण, पावसाळ्यातला एक दिवस, मी पाहिलेला सूर्योदय. बीड जिल्ह्यातल्या एका खेड्यात मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मराठी शिकवतो. मीही हेच विषय द्यायचो आणि बहुतेक वह्यांत एकच निबंध यायचा. पूर्वेला तांबडं फुटलं, पक्ष्यांची किलबिल सुरू झाली, महाबळेश्वरच्या पॉइंटवर आम्ही सहकुटुंब उभे होतो. वर्गातल्या एकाही मुलानं महाबळेश्वर पाहिलेलं नव्हतं. गाईडमधून उतरवलेलं आहे हे मला कळत होतं. पण अक्षर चांगलं, ऱ्हस्व-दीर्घ नीट, म्हणून दहापैकी आठ देऊन मी पुढची वही घ्यायचो.

एका वर्षी मार्चच्या शेवटी एक मुलगी वर्गात परत आली. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्या भागातली कुटुंबंच्या कुटुंबं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात जातात. नवरा-बायकोच्या जोडीला तिथं ‘कोयता’ म्हणतात. मुकादमाकडून आधी उचल घ्यायची आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची. धाकटं भावंड असलं की त्याला सांभाळायला मोठी मुलगी सोबत जाते. ही तशीच गेली होती.

आल्या आठवड्यात मी सूर्योदयाचा निबंध दिला. तिनं बारा ओळी लिहिल्या. रात्री तीनला ट्रक येतो. आई-बाप उठून फडात जातात. ती कोपीपुढं चूल पेटवते, भाकरी थापते, मधेच भावाची झोळी हलवते. बाप डोक्यावर मोळी घेऊन फळीवरून ट्रकवर चढतो, तेव्हा तिला भीती वाटते. शेवटचं वाक्य होतं, ‘सूर्य कवा उगला ते कळलंच न्हाई, गाडी भरली तवा उजाडलं व्हतं.’

मी लाल पेनानं ‘कवा’चं ‘केव्हा’ केलं, ‘न्हाई’चं ‘नाही’ केलं, ‘व्हतं’चं ‘होतं’ केलं. खाली शेरा लिहिला, ‘विषयाला सोडून. शुद्धलेखनाकडे लक्ष दे.’ दहापैकी तीन.

पुढच्या जूनमध्ये ती आठवीत आली. ऑगस्टमध्ये पावसाळ्याचा निबंध झाला. यावेळी तिची वही बघून मला बरं वाटलं. दोन पानं, सुवाच्य, एकही खाडाखोड नाही. आठ मार्क देऊन मी तो वर्गात वाचायला घेतला. मधे वाक्य आलं, ‘संध्याकाळी बाबा ऑफिसातून येताना गरमागरम भजी घेऊन आले.’ मी थांबलो. वर्गात कुणी हसलं नाही, कारण कुणालाच त्यात वावगं वाटलं नव्हतं.

‘तुझे बाबा ऑफिसात जातात?’ मी विचारलं.

‘न्हाई सर. गाईडमधी तसंच हाय.’

त्या दिवशी घरी येऊन मला तिचा आधीचा निबंध आठवला. पाच महिने शाळेबाहेर राहूनही ही मुलगी एक गोष्ट पक्की शिकली होती. खरं लिहिलं की तीन मिळतात, दुसऱ्याचा बाप आपल्या वहीत आणला की आठ. हे तिला मी शिकवलं होतं.

मला जास्त लाज वाटली ती दुसऱ्याच कारणानं. बहिणाबाई चौधरी मी दरवर्षी शिकवतो. बोलीतला गोडवा, मातीचा वास वगैरे फळ्यावर लिहून देतो. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांच्या ओव्या सोपानदेवांनी आणि घरातल्यांनी उतरून घेतल्या, आचार्य अत्र्यांनी त्या उचलून धरल्या, १९५२ साली पुस्तक आलं, तेव्हा बहिणाबाई नव्हत्या. त्या उतरून घेणाऱ्यांच्या हातात माझं लाल पेन असतं तर? बोली पुस्तकात छापून आली की साहित्य आणि सातवीच्या वहीत आली की चूक, असा माझा कारभार होता.

मग मी वर्गाला आणखी एक वही करायला लावली. तिला मुलांनी ‘घरची वही’ असं नाव दिलं. तिच्यात बोलतो तसं लिहायचं, मी फक्त वाचणार, मार्क नाहीत. पहिले दोन आठवडे त्यातही महाबळेश्वरच आलं. मग मी शब्द गोळा करायला सांगितले. मी शहरात वाढलेला. उसाचा हिरवा शेंडा म्हणजे ‘वाढं’, ते जनावरांना घालतात किंवा विकतात, आणि वाळलेला पाला म्हणजे ‘पाचट’, हे मला मुलांनी शिकवलं. सरांना येत नाही म्हटल्यावर वर्गाला जोर आला. महिनाभरात शंभरावर शब्द झाले आणि प्रत्येक शब्दामागे कुणाची तरी गोष्ट निघाली.

याचा एक उपयोग मला अपेक्षित नव्हता. २०१८च्या ‘असर’ अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागात आठवीतल्या साधारण चौथाई मुलांना दुसरीच्या पातळीचा उताराही वाचता येत नव्हता. माझ्या वर्गात अशी पाच-सहा मुलं होती. मागच्या बाकावर बसायची, धडा वाचायची पाळी आली की घसा दुखायचा. ती ‘घरची वही’ मात्र अडखळत का होईना, वाचायला लागली. पुढचा शब्द काय असणार याचा अंदाज बांधता आला की वाचणं सोपं जातं. पाठ्यपुस्तकात त्यांना तो बांधताच येत नव्हता.

प्रमाण भाषा मी सोडलेली नाही. दहावीचा पेपर, पोलीस भरती, तलाठ्याकडचा अर्ज, सगळं त्याच भाषेत आहे आणि ती न शिकवणं ही फसवणूक होईल. आता आम्ही आधी घरच्या वहीत लिहितो, मग त्यातलाच मजकूर पेपरच्या भाषेत करतो. मजकूर आधी आपला पाहिजे, एवढंच. गाईड अजून येतं. वर्गात निम्म्या मुलांकडे आहे.

दसऱ्यानंतर ती मुलगी पुन्हा गेली. जाताना मी तिला दोनशे पानी वही दिली आणि म्हटलं, तिकडं काय काय होतं ते लिही. मार्चमध्ये तिनं वही आणून दाखवली. निबंध एकही नव्हता. तारखा होत्या आणि पुढं आकडे. कुठल्या दिवशी किती गाड्या, किती टन, मुकादमानं मधे किती पैसे दिले. तिच्या आई-बापाला लिहिता येत नाही. हिशेबाला बाप ती वही सोबत घेऊन गेला होता.

‘काही फरक पडला?’ मी विचारलं.

‘म्हाईत न्हाई. पर मुकादमानं वही बघितली.’

जाता जाता मी तिला म्हटलं, मागच्या वर्षीचा तो सूर्योदयाचा निबंध परत लिहून देशील? मला नीट वाचायचा आहे.

‘तो कशाला सर,’ ती म्हणाली, ‘त्याला तीनच मार्क व्हते.’

तो तिनं अजून लिहून दिलेला नाही.