नुसतं ‘स्पायसी’ म्हणू नकोस

मंगळवार पेठ, कोल्हापूर

चि. चिमीस,


काल रात्री तुझा फोन ठेवला आणि मला झोपच लागेना. मसाल्याच्या पाकिटावर छापायला ‘स्पायसी’ला मराठी शब्द हवा, ‘एकच सांग आत्या, सुटसुटीत’, असं म्हणालीस. मी ‘झणझणीत’ म्हटलं आणि तू ‘चालेल’ म्हणून मोकळी झालीस. चालेल कसं गं? पाकिटात काय आहे हे मी विचारलं नाही, तूही सांगितलं नाहीस.

ब्याडगी मिरची जास्त असेल तर रंग लालभडक येतो, पण जीभ फारशी पोळत नाही. त्याला झणझणीत म्हटलंस तर ते खोटं. लवंगी घातली असेल तर तो जहाल. कांदा, लसूण, खोबरं तळून घातलेली आपली चटणी (तुमच्या तिकडं तिला मसाला म्हणतात, माझ्या तोंडात ते अजून बसत नाही) आधी खमंग लागते, तिखट मागून येतं. पांढऱ्या रश्शात लाल तिखट नावालाही नसतं. खोबऱ्याचं दूध, खसखस, आलं, लसूण, मिरे. वाटीभर प्यायला की घसा शेकल्यासारखा होतो, बस्स. तांबड्याची गोष्टच निराळी. मिसळीच्या कटाला तवंग हवा आणि पहिल्या घासाला झणका बसायला हवा. ठेचा ओठांना झोंबतो. मिरच्या भाजायला घेतल्या की खाट उठतो आणि शेजारच्या खोलीतल्या माणसाला ठसका लागतो. देठं खुडलेले हात रात्रभर भगभगतात. हे सगळं तू पाहिलंयस. चैत्रात गच्चीवर संकेश्वरी वाळत पडायची, राखण तुझ्याकडं असायची, आणि ते हात डोळ्याला लावून किती वेळा रडलीस! तेव्हा कधी ‘स्पायसी झालं’ म्हणून रडली नाहीस. ‘डोळा चुरचुरतोय’ म्हणायचीस.

यातला एकेक शब्द बघ. झोंबतं ते ओठाला, ठसका घशाचा, भगभग हातांची, जळजळ छातीतली. अंगावर बोट ठेवून दाखवावं तसे हे शब्द आहेत. ‘स्पायसी’ म्हटलं की ते बोटच नाहीसं होतं.

आत्या म्हातारपणी इंग्रजीवर राग काढतेय, असं मनात आणू नकोस. मिरची तरी आपली कुठं? पोर्तुगीजांनी ती समुद्रापलीकडून आणली. त्याआधी आपल्याकडं मिरे, आलं, पिंपळी यांवरच तिखटाचं भागायचं. नवी वस्तू आली तशी लोकांनी मिऱ्यावरून तिला नाव दिलं आणि घरात घेतली. आणि आपल्या बोलण्यात फारसी किती मुरलीय! माधव जूलियन इथं राजाराम कॉलेजात शिकवायचे. त्यांचा फार्शी-मराठी कोश १९२५ सालचा, आबांच्या कपाटातला, तूच एकदा पावसात भिजवला होतास. पुढं तेच भाषाशुद्धीकडं वळले, पण माझं मन तिकडं कधी वळलं नाही. परका शब्द भर घालत असेल तर त्याला पाट मांडावा. माझं दुखणं वेगळं आहे. ‘स्पायसी’ हा एक शब्द येतो आणि घरातल्या दहा जणांना उठवून त्यांच्या जागी बसतो.

‘तिखट’ हा शब्दही साधा नाही. तो ‘तीक्ष्ण’वरून आला, म्हणजे धारदार. म्हणून कानही तिखट असतात. वैद्यांच्या सहा रसांत मात्र तिखटाला ‘कटु’ म्हणतात आणि ‘तिक्त’ म्हणजे कडू. आपण ‘कटु’चं ‘कडू’ केलं आणि अर्थच बदलून टाकला.

आणि शास्त्रज्ञ तर म्हणतात, तिखट ही चवच नव्हे. उष्णतेची खबर मेंदूला देणारी जी यंत्रणा जिभेवर आहे, तीच मिरचीतलं द्रव्य चाळवतं. डेव्हिड ज्युलियस यांना याच शोधासाठी २०२१ चं नोबेल विभागून मिळालं. मी वाचलं आणि मला आपल्या मंडईतली मिरचीवाली आठवली. ‘घ्या वैनी, नुसता जाळ हाय!’ ती वर्षानुवर्षं हेच सांगत होती. ते द्रव्य पाण्यात विरघळत नाही, म्हणून तोंड पोळल्यावर पाणी पिऊन उपयोग नसतो, दही खावं लागतं. तुझी आजी पानात दह्याची वाटी उगाच ठेवत नव्हती.

आता मला झोप का लागली नाही ते सांगते. फोन ठेवता ठेवता तू सहज म्हणालीस, ‘पोरीला हल्ली सगळंच स्पायसी लागतं, वरणभातसुद्धा बाजूला सारते.’ तू म्हणालीस, मीही ऐकून सोडून दिलं. रात्री दीड वाजता अंथरुणात दचकून उठून बसले. अगं, वरणात कसलं आलंय तिखट? टूथपेस्टही तिला स्पायसी, आल्याची वडीही स्पायसी आणि आता वरणही. तिच्याकडं दुसरा शब्दच नाही, तर तिनं सांगावं कसं? तोंड आलं असेल चिमे. आतून गालाला, जिभेच्या कडेला फोड असेल. दात दुखत असेल. ती तुला सांगतेय आणि तुला वाटतंय की नखरे करतेय.

नानांचं आठव. भातही लागतो म्हणायचे, तर आपण दोन महिने भाजीतलं तिखट कमी करत बसलो. शेवटी डॉक्टरांनी विचारलं, नक्की काय होतं? नानांनी तिथल्या तिथं सांगितलं, ‘डाव्या अंगाला, मागच्या दाढेपाशी चरचरतं, मीठ लागलं की झोंबतं.’ डॉक्टरांनी नेमकी तिथंच बॅटरी मारली. आधी नीट विचारलं असतं तर, हे मी अजून मनातून काढू शकलेले नाही.

म्हणून आज तिला खिडकीपाशी उजेडात घे, आ करायला लाव, जीभ उचलून बघ. टोचतं का, चुणचुणतं का, गिळताना दुखतं का, एकेक शब्द देऊन विचार. समजला नाही तर हाताला हळूच चिमटा काढून दाखव, फुंकर घालून दाखव. दोन दिवस मऊ भात, तूप आणि गार दूध दे. फोड दिसला आणि आठवड्यात उतरला नाही, तर डॉक्टरांकडं ने. घरचे उपाय करत बसू नकोस.

बघितलंस की लगेच फोन कर, कितीही उशीर झाला तरी. पाकिटावरच्या शब्दाचं आपण नंतर बघू. त्याआधी मसाल्याची पुडी तेवढी पाठव, चाखल्याशिवाय मी काही सांगणार नाही.

तुझी,
आत्या