जकातीचा रांजण

आम्ही तानसा परिसरात राहणारी माणसे. डोंगर आम्हाला नवा नाही. मागचे दार उघडले की माहुलीचे सुळके समोर उभे असतात. पण आमच्या लोकांची सहल म्हणजे एक तर लग्न, नाही तर दर्गा, नाही तर मुंबईचा नातेवाईक. नुसते बघायला म्हणून डोंगरावर जाणे आमच्या घरात कोणाच्या डोक्यात आले नव्हते. माहुलीचा चढ तर असा की अम्मीच्या गुडघ्यांपुढे त्याचे नावही काढता येत नाही.

या दिवाळीच्या सुटीत थोरलीने नाणेघाटाचा हट्ट धरला. ती सातवीत आहे, आमच्याच उर्दू शाळेत. शाळा सातवीपर्यंतच. पुढे काय, हा प्रश्न गेले सहा महिने आमच्या दस्तरखानावर रोज वाढला जात होता. अम्मीचे म्हणणे, भिवंडीला खालाकडे ठेवा, तिथे उर्दू हायस्कूल आहे. थोरलीला मैत्रिणींबरोबर एसटीने शहापूरच्या मराठी हायस्कूलमध्ये जायचे आहे. आमचे 'हे' म्हणतात, तुम्ही मास्तरीण, तुम्हीच ठरवा. आणि आम्ही? आम्ही उर्दू माध्यमाच्या शिक्षिका. गल्लोगल्ली फिरून आयांना सांगतो की मुलांना उर्दूतून शिकवा, तालीम मादरी जबानीत हवी. आता आमचीच लेक मराठीत गेली तर त्या आया काय म्हणतील? गंमत अशी की आमची मादरी जबान तरी कुठे उर्दू आहे! आम्ही कोकणी मुसलमान. घरात मराठीचीच एक बोली बोलतो, शाळेत उर्दू शिकवतो आणि लिहायला बसलो की ही अशी मराठी लिहितो.

असो. जीप ठरवली. मुरबाड सोडले की टोकावडे, वैशाखरे, मोरोशी अशी गावे लागतात आणि सह्याद्रीची भिंत हळूहळू काच भरून टाकते. वैशाखऱ्याजवळून नाणेघाटाची जुनी पायवाट वर चढते. तरुणांनी ती जरूर चढावी. पण घरात गुडघेदुखी आणि पाच वर्षांचे पोर असेल तर माळशेज घाट चढून जुन्नरच्या बाजूने घाटघरला यावे. वळसा मोठा पडतो, पण गाडी थेट माथ्यावर येते आणि मग चालायला उरते फक्त गवताळ, मोकळे पठार. अम्मी काठी टेकत, दोनदा बसून, कड्यापर्यंत चालत गेली. पावसाळ्यात इथे वाऱ्याने धबधब्याचे पाणी उलटे वर उडते म्हणून तुफान गर्दी लोटते. आम्हाला विचाराल तर पाऊस सरल्यावर या. खडक वाळलेला असतो, गवत पिवळे पडू लागते आणि मुलांच्या मागे धावताना जीव मुठीत धरावा लागत नाही. सावली मात्र नाही. पाणी भरपूर घ्या.

ज्या टोकाला 'नानाचा अंगठा' म्हणतात, तिथे जमीन संपते. एकदम. खाली अख्खे मुरबाड पसरलेले, शेतांचे तुकडे, मध्येच कौलांचा ठिपका. एका बाजूला जीवधन किल्ला आणि त्याला खेटून उभा वानरलिंगीचा सुळका. अम्मी बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "आपण त्या खाली राहतो काय?" धाकट्याने तिला आपले घर दाखवायचा प्रयत्न केला. आमचे घर तिथून दिसणे शक्य नव्हते, पण तिने मान हलवली.

जीवधनविषयी आम्ही मुलांना सांगितले. निजामशाही मोडकळीला आली तेव्हा त्या घराण्यातला मुर्तजा नावाचा एक लहान मुलगा या किल्ल्यावर कैदेत होता. शहाजीराजांनी त्याला इथून काढले, पेमगिरीला नेऊन गादीवर बसवले आणि त्याच्या नावाने राज्य चालवले. मोगल आणि विजापूरकर दोन्हीकडून आले. शेवट झाला तो १६३६ साली, आमच्या माहुलीवर. किल्ला द्यावा लागला आणि तो मुलगा मोगलांच्या हवाली झाला. थोरलीने विचारले, "त्याला कोणी विचारले होते का, तुला कुठे जायचे आहे म्हणून?" आम्ही तिच्याकडे पाहिले. ती जीवधनकडे पाहत होती.

मग गुहा. घाटाच्या तोंडाशीच ती कोरलेली आहे आणि आतल्या भिंतींवर ब्राह्मी अक्षरे आहेत, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची. सातवाहनांची राणी नागनिका हिचा हा लेख. नवऱ्यामागे राहिलेली बाई, आणि भिंतभर हिशेब लिहून गेली. कोणते यज्ञ केले, किती गाई दिल्या, किती घोडे, किती नाणी. मागच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांचे पुतळे होते. ते गेले, वरची नावे राहिली. अम्मीने "बेवा होती काय?" एवढेच विचारले आणि भिंतीच्या जवळ गेली. अब्बांना जाऊन चार वर्षे झाली. त्यानंतर एवढ्या लांब ती पहिल्यांदाच आली होती.

आम्ही गणित शिकवतो, म्हणून आमचा जीव त्या आकड्यांत अडकला. भारतातल्या अगदी जुन्या अंकचिन्हांपैकी काही इथे आहेत आणि पंडित भगवानलाल इंद्रजींनी १८७६च्या सुमारास त्यांच्यावर लिहिले. शून्य नाही. शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी. ब्राह्मीतला एक म्हणजे आडवी रेघ, दोन म्हणजे दोन आडव्या रेघा. थोरलीने वहीत त्या काढल्या आणि शेजारी उर्दूचे एक-दोन काढले, त्याशेजारी मराठीचे. आम्ही सांगितले की दशमान अंक भारतातून अरबांकडे गेले, नवव्या शतकात अल ख्वारिज्मीने त्यांच्यावर पुस्तक लिहिले आणि आपण उर्दूत जे आकडे लिहितो त्यांना अरबीत आजही 'हिंदी अंक' म्हणतात. ती म्हणाली, "म्हणजे तीनही आपलेच." आम्ही काही बोललो नाही. वर्गात असते तर शाबास म्हटले असते.

घाटाच्या वरच्या तोंडाशी एक मोठा दगडी रांजण आहे. कोकणातून माल घेऊन देशावर चढणाऱ्या व्यापाऱ्यांकडून जकात घेत आणि ती नाणी यात टाकत, असे सांगतात. 'जकात' शब्द ऐकल्याबरोबर धाकट्याने विचारले, "मग ती गरिबांना वाटायचे का?" सगळे हसले. पण त्या पोराचे काय चुकले? शब्द आमच्याकडूनच मराठीत आला आणि येता येता नाक्यावरचा कर झाला. १ जुलै २०१७ला जीएसटी आला तेव्हा मुंबईची जकातही बंद झाली. आता तो शब्द पुन्हा आमच्याकडेच उरला आहे, रमजानच्या हिशेबापुरता.

जोहरची नमाज आम्ही गुहेपासून थोडे दूर, सपाट कातळावर पढलो. बाटलीच्या पाण्याने वजू केला. पुण्याकडची काही मुले जवळच फोटो काढत होती. अम्मीला काठीशिवाय उठता येईना, तेव्हा त्यांच्यातली एक मुलगी धावत आली आणि हात दिला. थोरलीने तिला "थँक्यू ताई" म्हटले आणि दोघी गप्पा मारू लागल्या. त्या मुलीला लेखाविषयी काही ठाऊक नव्हते. थोरलीने तिला गुहेत नेऊन आकडे दाखवले, मराठीतून, मास्तरणीच्या थाटात. अम्मी कातळावर बसून ऐकत होती.

परतताना माळशेजला धाकटा उलटी करून झोपला. अंधार पडला. मोरोशीजवळ एसटी समोरून गेली. तिच्या दिव्यांत अम्मी जागी दिसली.

"मुलींना एसटीचा पास फुकट असतो ना गं?"

"असतो. अहिल्याबाई होळकर योजनेतून."

"सकाळची पयली गाडी किती वाजता हाय?"

मागच्या सीटवरून थोरलीनेच उत्तर दिले.