होकाराचा सांधा

कवटीच्या मागच्या-खालच्या बाजूचे हाड म्हणजे पश्चकपालास्थी. जन्मतः ते चार भागांत असते. साधारण सहाव्या वर्षापर्यंत सांधून एक होते. तळाशी मोठे छिद्र, त्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. छिद्राच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे मानेच्या पहिल्या मणक्यावर टेकतात. होकारार्थी मान हलते ती मुख्यतः याच सांध्यात. नकार त्याखाली, पहिल्या आणि दुसऱ्या मणक्यांमध्ये. (‘मान’ या शब्दाला मराठीत दोन अर्थ आहेत, तेही मला उगाच वाटत नाहीत.) आईची वाचा गेल्यावर चार महिने आमचा सारा संवाद या दोन सांध्यांवर चालला. प्रश्न माझे, शब्द माझे. तिच्याकडे उरले ते केवळ उत्तर. कधी ती दोन्ही टाळून नुसती पाहत राही. मग मी प्रश्न बदलून पाहत असे.