कोळी मोजणारी मुलगी

मागचा पावसाळा सरत असताना आमच्या धर्मग्रामातील एका बागायतदाराने माझ्यापुढे गाऱ्हाणे मांडले. "फादर, आमच्या पोरीला जरा समजवा. एम.एस्सी.पर्यंत शिकवली आणि ही रात्री वाडीत कोळी मोजत फिरते." वसईत कोळी मोजायचे म्हटले की पाचूबंदरची खानेसुमारी आठवावी, परंतु हे कोळी आठ पायांचे होते.

समजावण्यासाठी गेलो खरा. पण मुलीने माझ्याच हाती विजेरी दिली. "डोळ्यांजवळ धरा, फादर, आणि गवतात पाहा." केळीच्या बुंध्याशी हिरवट ठिणग्या चमकल्या. जाळे न विणता जमिनीवर शिकार करणाऱ्या कोळ्यांचे ते डोळे होते. एका मादीच्या पाठीवर पिल्लांची दाटी होती. पुढे जास्वंदीवर दुसरी मादी रेशमात गुंडाळलेला किडा धरून होती. कोळ्याला घन अन्न गिळता येत नाही. तो भक्ष्यात पाचकरस सोडतो आणि विरघळलेले शोषून घेतो. मुलगी वहीत टिपत होती : झाड कोणते, जाळे किती उंचीवर, त्यात काय सापडले. दर पंधरवड्याला त्याच जागा, तीच वेळ. बऱ्याच कोळ्यांची जात मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच निश्चित होते, तीही पूर्ण वाढ झालेल्यांची.

२०२१ साली खाडीपलीकडे, ठाणे-कल्याण परिसरात, उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या दोन नव्या जातींची नोंद झाली. त्यांतील एकीचे नाव 'इसियस तुकारामी'. २००८च्या मुंबई हल्ल्यात नि:शस्त्र असताना अतिरेक्याला धरून ठेवणाऱ्या तुकाराम ओंबळे यांचे ते स्मरण. हे ऐकून मी काही वेळ बोललोच नाही.

ईयोबच्या ग्रंथात अधर्म्याच्या भरवशाला कोळ्याच्या जाळ्याची उपमा दिली आहे. प्रवचनात मी ती कितीदा वापरली असेल! "वजनाच्या मानाने हा धागा पोलादाहून बळकट असतो, फादर," मुलगी संकोचून म्हणाली. तेव्हा सेमिनरीतला धडा आठवला : ते शब्द बिल्ददचे आहेत आणि ईयोबच्या त्या मित्रांचे बोलणे देवाला शेवटी रुचले नव्हते.

वहीतील दोन पाने मात्र जवळजवळ कोरी होती. ती वांग्यांच्या वाफ्यांची. वडिलांनी औषध फवारल्यावर कोळी गेले. कीड महिन्याभरात परतली, कोळी परतले नाहीत. जगातील कोळी वर्षाला ४० ते ८० कोटी टन भक्ष्य खातात, असा अंदाज २०१७ साली प्रसिद्ध झाला होता. वडिलांना हे सांगण्याचे धैर्य मुलीला नव्हते. तेव्हा माझ्या येण्याची ती वाट पाहत होती की काय, असा मला संशय आहे.

पडवीत बागायतदार थांबला होता. "समजावलंत?"

"दोन वाफे या हंगामात फवारू नका," मी म्हणालो.

तो बराच वेळ मुलीच्या वहीकडे पाहत राहिला. "नुकसान झालं तर फादर भरून देणार काय?" मग म्हणाला, "एक वाफा. दोन नाही."

आता नाताळची साफसफाई तोंडावर आली आहे. वेदीवरची जाळी काढावीच लागतील. घंटाघराचे काय करायचे, ते मी अजून ठरवलेले नाही.