बेसूर राहिलेले गीत

शेक्सपिअरचे ‘सिंबेलीन’ मी वर्गात अनेक वर्षे शिकवले. चौथ्या अंकातले मृत्युगीत आले की माझी टिप्पणी ठरलेली असे. ग्विडेरिअस आणि आर्विरेगस ज्या ‘फिडेल’ला निरोप देतात ती पुरुषवेषातली इमोजेन आहे, त्यांची सख्खी बहीण, आणि ती मेलेली नाही, औषधाच्या अमलाखाली निश्चेष्ट आहे. प्रेक्षकांना हे ठाऊक असते, त्या दोघांना नसते. नाट्यात्म उपरोध, लिहून घ्या. एवढे सांगून मी पुढे जात असे.

मग माझा थोरला भाऊ गेला. घरात गाणारा तोच. तेराव्याला त्याचा आवडता अभंग मी म्हणावा असे सर्वांना वाटले. चाल पाठ होती, पण गळ्यातून सूर निघेना. शेवटी वही उघडून मी नुसते शब्द वाचले. त्याची लाज पुष्कळ दिवस मनात राहिली.

त्याच वर्षी जेराल्ड फिन्झीची ‘लेट अस गार्लंड्स ब्रिंग’ ही गीतमाला ऐकली. शेक्सपिअरच्या नाटकांतली पाच गीते, गायक आणि पियानो यांच्यासाठी. व्हॉन विल्यम्सच्या सत्तराव्या वाढदिवशी, १२ ऑक्टोबर १९४२ रोजी, ती लंडनच्या नॅशनल गॅलरीत प्रथम सादर झाली. युद्धामुळे तिथली बहुतेक चित्रे वेल्समधल्या खाणीत हलवली होती. उघड्या भिंतींमध्ये मायरा हेसने सुरू केलेल्या दुपारच्या मैफली चालत.

मालेतले तिसरे गीत हेच मृत्युगीत. पियानो संथ पावलांनी चालत राहतो. शेवटच्या कडव्यात मृतासाठी मांत्रिकांपासून, भुताखेतांपासून अभय मागितले जाते, तिथे लय थबकते आणि गाणे जवळजवळ बोलण्यावर येते. नाटकाबाहेर आलेल्या या गीतात इमोजेन नाही. कोणी पुन्हा डोळे उघडणार नाही. माझी टिप्पणी इथे निरुपयोगी होती.

मी संहिता पुन्हा काढली. गीतापूर्वीच्या चार ओळींवरून मी आजवर भरभर पुढे गेलो होतो. आवाज फुटले असले तरी गाऊ या, असे आर्विरेगस सुचवतो. ग्विडेरिअस म्हणतो, मला गाता येणार नाही. मी रडेन आणि शब्द तुझ्याबरोबर म्हणेन. दुःखाचे बेसूर गाणे त्याला खोटेपणाहून वाईट वाटते. मग दोघे ते गीत नुसते म्हणतात. नटांचे आवाज फुटल्यामुळे हा संवाद घातला असावा, असा तर्क केला जातो. असेलही. मला मात्र त्या वहीची आठवण झाली.

मग पात्राने नाकारलेला सूर फिन्झीने त्या शब्दांना द्यावा का? मला वाटते, द्यावा. ज्याचा गळा दाटला आहे त्याने शब्द म्हणावेत. सूर दुसऱ्या कोणी नंतर लावला तरी चालतो.

आता वर्गात तो संवाद मी आधी वाचतो, नंतर फिन्झी ऐकवतो. उपरोध सर्वांत शेवटी येतो.