जपलेलें आणि सांपडलेलें

वस्तु जपून ठेवण्याची हौस मला लहानपणापासून आहे. ठेवलेली वस्तु वेळेवर सांपडण्याचा योग मात्र क्वचितच आला. घरीं हा थट्टेचा विषय आहे. कॉलेजच्या कचेरींत तो तितका निरुपद्रवी ठरला नाहीं.

कल्याणच्या आमच्या कॉलेजांत विद्यार्थ्यांचे गुण सर्व्हरवर असतात, आणि रोज रात्रीं त्यांची प्रत टेपेवर उतरते. टेप म्हटली कीं गाण्यांच्या जुन्या कॅसेटी आठवतात. पण अर्धा इंच रुंदीची ही फीत अद्याप थकलेली नाहीं. एलटीओ जातीच्या टेपेंत २००० सालीं १०० गिगाबाइट मावत. २०२१ मध्यें आलेल्या नवव्या पिढींत १८ टेराबाइट मावतात. शिवाय यंत्रांतून काढून कपाटांत ठेवलेल्या टेपेपर्यंत संगणकांत शिरणारा दरोडेखोर पोंचत नाहीं. २०११ च्या फेब्रुवारींत जीमेलच्या कांहीं ग्राहकांचीं पत्रें नाहींशीं झालीं, तेव्हां गूगलनेंहि तीं टेपेवरूनच परत आणलीं.

असें असूनहि, मागें एकदां आमचा सर्व्हर बिघडला आणि टेपेंतून कांहींच निघेना. गुणांचें दप्तर कुणीतरी दुसऱ्या जागीं हलविलें होतें. आमचें सॉफ्टवेअर मात्र जुन्या रिकाम्या जागेची प्रत इमानानें काढीत होतें. पडद्यावर रोज ‘यशस्वी’ असा शब्द उमटे, आणि वहींत माझी सही होई. त्याच आठवड्यांत एक जुनी विद्यार्थिनी नोकरीच्या मुलाखतीसाठीं गुणपत्रक मागावयास आली. कागदी रजिस्टर सांपडेपर्यंत मुलाखत होऊन गेली. ती एवढेंच म्हणाली, “सर, कॉलेजांतच माझी नोंद नसेल, तर मी शिकलें हें कुणाला सांगूं?”

नवें सॉफ्टवेअर निवडण्याचें काम मीं मागून घेतलें. १९९१ सालीं मेरीलँड विद्यापीठांत जन्मलेली अमांडा फुकट मिळते, पण तिला जाणता सेवक हवा. २०१० मध्यें आलेल्या एलटीएफएस पद्धतींत टेप साध्या फोल्डरासारखी उघडते. परंतु रोजची आठवण ती आपण होऊन ठेवीत नाहीं. विक्रेत्यांनीं रंगीत चित्रें पुष्कळ दाखविलीं. शेवटीं मीं त्यांना बाजूस बसविलें आणि आमच्या हेडक्लार्कांना खुर्ची दिली. काम एकच : एक पुसलेली फाईल, कुणाला न विचारतां, दुसऱ्या रिकाम्या यंत्रावर परत आणावयाची.

पहिल्या सॉफ्टवेअरनें त्यांना इतके प्रश्न विचारले कीं तेच परीक्षेला बसल्यासारखे दिसूं लागले. दुसऱ्यानें दिनदर्शिका उघडली, तारीख विचारली, कोणत्या क्रमांकाची टेप घालावयाची तें सांगितलें. फाईल आली. मग आम्हीं मुद्दाम एक फोल्डर रिकामें केलें. तेव्हां ‘यशस्वी’ न म्हणतां त्यानें तांबड्या अक्षरांत तक्रार केली. हेडक्लार्क म्हणाले, “सर, ह्याला मराठी येत नाहीं, पण बोलतो तें कळतं.” निवड झाली.

जतन करणें कोणतेंहि सॉफ्टवेअर सोपें करून देतें. खरी सोय परत मिळविण्यांत असते, आणि ती घाबरलेल्या माणसाला साधली पाहिजे. आतां एक टेप कल्याणला राहते, दुसरी दर शनिवारीं ठाण्यास जाते. २६ जुलै २००५ चें उल्हासचें पाणी पाहिलेल्यांना त्याचें कारण सांगावें लागत नाहीं. दर महिन्यास हेडक्लार्क एका जुन्या विद्यार्थ्याची नोंद टेपेवरून काढून दाखवितात, आणि ती पाहिल्यावरच मी सही करतों.

पहिल्या खेपेस कुणाचें नांव घ्यावें, हें मात्र मींच सांगितलें.