काकांची घोंगडी

आई गेली आणि तिच्यामागे माझी झोपही गेली. रात्री दोनला डोळे उघडायचे ते सकाळपर्यंत उघडेच. डॉक्टरांनी गोळी दिली. मैत्रिणीने फोनवर ध्यानाचं एक अ‍ॅप टाकून दिलं. त्यात बासरी वाजायची आणि एक बाई सांगायची की तुम्ही ढगावर तरंगत आहात. मला झोपायचं होतं, तरंगायचं नव्हतं. चौथ्या दिवशी ते काढून टाकलं.

खालच्या मजल्यावरच्या काकांना रात्री माझ्या फेऱ्यांचा आवाज यायचा. एसटीत ड्रायव्हर होते. उभी हयात नाशिक-मुंबई रस्त्यावर गेलेली. निवृत्तीनंतर इगतपुरीच्या धम्मगिरीत विपश्यनेचं दहा दिवसांचं शिबिर करून आले होते. एकदा जिन्यात थांबवून म्हणाले, "ताई, रात्री फेऱ्या मारता, त्यापेक्षा पहाटे बसा."

"शिकवाल का?"

"छे. तो माझा अधिकार नाही, त्याला शिबिरालाच जावं लागतं. तोवर नाकाशी श्वास येतो-जातो, तेवढं बघत बसा. मी बाजूला बसतो."

दुसऱ्या दिवशी साडेपाचला दारात हजर, बगलेत काळी घोंगडी. तिची घडी घालून मला बसायला दिली, स्वतः नुसत्या फरशीवर.

मी आपली प्राणायामासारखा दीर्घ श्वास घ्यायला लागले. डोळे मिटलेलेच ठेवून काका म्हणाले, "ओढू नका. आहे तसा." मोजायचं नाही, नाव घ्यायचं नाही. नाकपुड्यांच्या खाली, वरच्या ओठाच्या वर एवढीशी जागा, तिथे लक्ष. दहाच मिनिटं. पण त्या दहा मिनिटांत गॅसचं बुकिंग, आईचे शेवटचे दिवस, तेराव्याला टोमणा मारून गेलेली आत्या, सगळे येऊन जायचे. पायाला मुंग्या यायच्या त्या वेगळ्याच. तिसऱ्या दिवशी मी रडकुंडीला आले. "काका, मन जागेवर राहतच नाही."

"कसारा घाट उतरताना सारखा ब्रेक दाबला की लायनर तापतात. गाडी गिअरवर उतरवायची. मनाला ब्रेक मारू नका. गेलं हे कळलं की परत नाकाशी या."

एवढं एकच व्याख्यान. बाकी नुसतं येऊन बसायचे. घोंगडी रोज वर-खाली कशाला, म्हणून माझ्याकडेच ठेवली. एका पहाटे मी कंटाळून दारच उघडलं नाही. सहाला दुधाची पिशवी घ्यायला बाहेर आले, तर काका जिन्याच्या पायरीवर डोळे मिटून बसलेले. मला पाहून उठले, लेंगा झटकला, खाली गेले. एक शब्द बोलले नाहीत. त्यापेक्षा रागावले असते तर बरं झालं असतं. पुन्हा कधी दार बंद ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

झोप लगेच आली असं नाही. दोनला जाग यायचीच, पण आता उठून फिरत नव्हते. पडल्या पडल्या श्वास बघायचे.

वर्षभराने मी इगतपुरीला गेले. पहाटे चारची घंटा, मौन, पहिले तीन दिवस नुसता श्वासच. सत्यनारायण गोयंका १९६९ मध्ये ब्रह्मदेशातून ही विद्या घेऊन आले. ते २०१३ मध्ये गेले, तरी ध्वनिमुद्रणातून शिकवतात तेच. शिबिराची फी नाही. दानसुद्धा ज्याने शिबिर पुरं केलं त्याच्याकडूनच घेतात. म्हणजे मी दहा दिवस जेवले ते माझ्याआधी बसून गेलेल्या कुणाच्या तरी पैशांवर. परतल्यावर काकांना हे नवलाने सांगितलं.

ते म्हणाले, "मीही तसाच जेवून आलोय. नाहीतर या गुडघ्यांनी रोज जिना कोण चढतं?"

गेल्या पावसाळ्यात काका गेले. मुलगा सामान न्यायला आला, तेव्हा घोंगडी परत द्यायला हवी होती. मी दिली नाही. त्यालाही ती आठवली नाही.